थोरल्या कालिरोईच्या उशाशी

१

थोरल्या कालिरोईचं थडगं पाच वर्षांनी उघडलं, आणि तिच्या कवटीखालून एक पुरचुंडी निघाली.

रिगोपुला खड्ड्यात गुडघे टेकून बसली होती. आईची हाडं थोरल्या लेकीनं वेचायची, वाइननं धुवायची, पेटीत भरून देवळामागच्या कोठीत ठेवायची, म्हणजे खड्डा पुढच्या मढ्याला मोकळा. कार्पाथोसच्या या डोंगरात खडक फार, माती थोडी. मेलेल्यालासुद्धा पाच वर्षांवर जागा कुणी देत नाही.

काठावर अर्धं गाव जमलं होतं. जरा वेळापूर्वीच देवळाचे म्हातारे पाद्री पापा-इलियास घरातल्या गेलेल्यांची नावं वाचून मोकळे झाले होते. "कालिरोई, योर्गिस, कालिरोई..."

रिगोपुलानं खालूनच टोकलं होतं, "पापा, माझी आई एकदाच मेली. दोनदा कशाला मारताय?"

बाया डोक्यावरचे रुमाल तोंडाशी धरून हसल्या होत्या. पापा मात्र हसले नव्हते. "कागदावर आहे ते वाचतो, बाई," एवढंच म्हणाले आणि कागद घडी घालून झग्यात टाकला.

आता हसणं बंद झालं होतं. पुरचुंडी मेणकापडाची होती, मुठीएवढी, आणि जड. उशी कधीच कुजून माती झाली होती, पण मेणकापड जसंच्या तसं.

"उघड," वरून आवाज आला. "सगळ्यांसमोर उघड."

रिगोपुलानं मान वर केली. काठावर तिची धाकटी बहीण सोफिला उभी होती, हातात वाइनची सुरई घेऊन. नवरा समुद्रात बुडाल्यापासून दहा वर्षं अंगावर काळं. गेल्या पाच वर्षांत ती रिगोपुलाशी एक शब्द बोलली नव्हती. आज उजाडताच स्मशानात येऊन उभी राहिली, तेव्हाच रिगोपुलाच्या मनात आलं होतं, ही का आली?

तिनं चाकूनं शिवण उसवली. हारात ओवलेली सोन्याची नाणी उन्हात लखलखली.

तो तोच हार होता. आईकडून थोरल्या लेकीकडे आणि तिच्याकडून तिच्या थोरलीकडे जाणारा. ज्या दिवशी म्हातारी गेली, त्या दिवशी पेटीतून नाहीसा झालेला. ज्याच्यासाठी रिगोपुलानं सोफिलाच्या पोरीला केसांना धरून देवळासमोर फरफटत नेलं होतं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं 'चोर' म्हटलं होतं.

२

इथं नावं आभाळातून पडत नाहीत. थोरल्या मुलीला आजीचं नाव आणि नावाबरोबर आजीचं सगळं. घर, पवनचक्की, ऑलिव्हची झाडं, हार. धाकटीला काय? थोरलीच्या घरची धुणीभांडी. रिगोपुला थोरली होती, म्हणून मालकीण. सोफिला धाकटी होती, म्हणून जन्मभर तिच्या चुलीशी. भाऊ मिनास मधमाश्या पाळून जगत होता. पण आजीचं नाव मात्र तिघांनीही एकेका पोरीला दिलं होतं. गाव त्यांना आयाबापांवरून ओळखायचं. रिगोपुलाची कालिरोई, मिनासची कालिरोई, सोफिलाची कालिरोई. एका नावाच्या तिघी, वाट्याला मात्र तिघींच्या तीन तऱ्हा.

दुपारी शाळामास्तर आला. स्तामातिस त्याचं नाव, पुढच्या रविवारी रिगोपुलाच्या कालिरोईशी त्याचं लग्न ठरलेलं. मागून त्याची आई, टोपली घेऊन, डोळे हारावर.

"गाव काय काय बोलतंय, सासूबाई," मास्तर म्हणाला. "पण नावच तसं आहे. जुन्या कथांत कालिरोई किती आहेत माहितंय का? एक महासागराची लेक. दुसरी नदीच्या देवाची लेक. तिला एक शापलेला हार हवासा झाला, तो आणायला गेलेला नवरा मारला गेला. तिसरीवर एका पुजाऱ्याचा जीव जडला, हिनं त्याला झिडकारलं. तिचा बळी द्यायची वेळ आली, तेव्हा त्यानं सुरा स्वतःच्याच छातीत खुपसला. मग तिनं झऱ्यावर जाऊन..."

"पुरे, मास्तर. एका नावाच्या एवढ्या बायका आणि एकीलाही धड मरण नाही. तुमच्या कथा लिहिणाऱ्यांना बायकांचं वाकडं होतं की काय?"

"मी आपलं सांगितलं."

"सांगितलंत ते ठीक. आता मी सांगते. रविवारच्या आत हार थडग्यात कुणी ठेवला ते शोधून काढीन. गावाला वाटतंय चोर सोफिलाची पोर, तीच पस्तावून ठेवून गेली. खरं निघालं तर मी पाच वर्षांपूर्वी बोलले ते खरं. खोटं निघालं..."

"तर?" मास्तरच्या आईनं विचारलं.

रिगोपुलानं हार ओच्यात खोचला. खोटं निघालं तर एका निरपराध पोरीचं ठरलेलं लग्न मोडून तिला दूर पिरेउस बंदराला लोकांच्या घरी भांडी घासायला आपण धाडलं. आणि हे गावासमोर, आपल्या तोंडानं, कबूल करावं लागणार.

३

बसल्या बसल्या तिनं हिशेब मांडला. शाळा दोन बुकं झालेली, पण गावातल्या प्रत्येक घरात कोण कुणाशी का बोलत नाही हे तिला पाठ होतं.

पहिली गोष्ट. चोर सोनं पुरतो ते विहिरीपाशी, झाडाखाली. थडग्यात कोण पुरेल? इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक की पाच वर्षांनी थडगं उघडतं. म्हणजे ज्यानं ठेवला त्याला तो हार गमवायचा नव्हता. पाच वर्षांपुरताच नाहीसा करायचा होता.

दुसरी गोष्ट, मेणकापड. मेण कुणाच्या घरी? मिनासच्या.

मिनासची कालिरोई अंगणात पोळी पिळत बसली होती. कोपरापर्यंत मध. आत्याला बघून उठलीसुद्धा नाही.

"ये आत्या. आज माझा नंबर का? केस बांधलेत घट्ट, ओढायला सापडायचे नाहीत."

"जीभ आवर. हे कापड तुमच्या घरचं का?"

पोरीनं बोटं चाटली आणि पुरचुंडी हातात घेतली. "आमचंच दिसतंय. पण आमच्याकडनं कोण नाही नेत? तुझ्या घरची चीजची मडकी कशानं बांधतेस तू?"

ते खरं होतं. रिगोपुला खाली बसली. "आजीला तयार करताना खोलीत कोण कोण होतं?"

"मी आणि सोफिला आत्याची कालिरोई. शिवायला आम्ही दोघीच. माझी आई नाही, तिचा बाप नाही. तुझी कालिरोई उंबऱ्याबाहेर." ती वाकडं हसली. "जिचे आईबाप दोघं जिवंत, तिनं मढ्याच्या कपड्याला सुई लावायची नाही ना! तूच ओरडली होतीस, 'माझ्या लेकीचे हात त्याला लागता कामा नयेत.'"

"उशी कुणी शिवली?"

"तिनं. लिंबाची पानं मीच भरली. तेव्हा आत हार नव्हता, शपथ घेते. मग आम्ही दोघी जेवायला गेलो. मढ्यापाशी कुणीतरी बसायला हवं, म्हणून तुझी लेक बसली."

रिगोपुलाला ते ऐकायचं नव्हतं. "म्हणजे शिवणकाम सोफिलाच्या पोरीचं. पुरचुंडीही तिनंच शिवली असणार."

पोरीनं पुरचुंडी उन्हात धरली. कडेला उसवलेला मेणाळ दोरा अजून लोंबत होता. त्याच्या टोकाकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"आत्या," ती हळू म्हणाली, "हे तिनं शिवलेलं नाही. मीही नाही. दोऱ्याला गाठ आहे."

"मग?"

"तुला माहीत नाही?" तिनं आत्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मेलेल्याबरोबर जातं त्या शिवणीला गाठ मारत नाहीत. गाठ मारली तर जीव अडकतो म्हणतात. हे त्या खोलीतच शिकवतात, बाहेर कुणी बोलत नाही. आमच्यासारख्या पोरक्यांनाच ठाऊक."

रिगोपुलाला माहीत नव्हतं. बाप असेतो तिला सुई लावायची नव्हती, आणि तो गेल्यावर मालकिणीच्या हातात सुई कोण देतंय? घरात धाकटी होती की.

आणि तिच्यासारखीच, मढ्याच्या कपड्याला कधीही सुई न लावलेली, दुसरी एकच होती.

४

कालिरोई ओट्यावर लग्नाची चोळी भरत होती. एकवीस वर्षांची, वडील अमेरिकेत पैसे कमावायला, आई डोक्यावर. रिगोपुलानं पुरचुंडी तिच्या मांडीवर टाकली.

"टाका टाक," ती म्हणाली. "आता दोरा तोड. तोडण्याआधी काय करतेस?"

पोरीनं सवयीनं दोऱ्याला गाठ मारली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुरचुंडीच्या दोऱ्याकडे. सुई ठेवली.

"कशावरून कळलं तुला?"

"तुला मढ्याचं काम येत नाही, त्यावरून. मीच शिकू दिलं नाही." रिगोपुला तिच्यासमोर ओट्यावर बसली. "का केलंस?"

"फिलिप्पाकिस आठवतो?"

आठवत होता. अमेरिकेहून परतलेला, पंचेचाळिशीचा, दोन सोन्याचे दात. म्हातारी आजारी पडली तेव्हा रिगोपुलानं त्याला शब्द दिला होता.

"मी सोळाची होते. तुला तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तू मला दोन दिवस कोठारात कोंडलंस, शिळा पावसुद्धा दिला नाहीस. त्याला मी नको होते गं, आई. त्याला हार हवा होता, पवनचक्की हवी होती. म्हटलं, हार नसला तर जाईल. गेलाच की! महिन्यात दुसरीकडे लग्न केलं. आजीच्या उशाशी ठेवला, म्हणजे कुणी उकरायचा नाही आणि पाच वर्षांनी तुझ्याच हातात परत येईल. मला काय माहीत तू सोफिला मावशीच्या कालिरोईला धरशील!"

"किल्ली तिच्याकडे होती."

"पेटी उघडी होती. ती आजीचा झगा इस्त्री करत होती, मी मागून काढला."

"मग मी तिचे केस धरले तेव्हा बोलायला काय झालं होतं? जीभ गहाण ठेवली होतीस?"

"तू बोलत होतीस, आई." कालिरोई रडली नाही, हे रिगोपुलाला फार लागलं. "तू बोलत असलीस की या घरात दुसऱ्याला बोलायला जागा असते का? म्हटलं, उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी ती बोटीत बसली. मग रोज उद्याच येत राहिला."

मास्तरची गोष्ट रिगोपुलाच्या डोक्यात खुपली. त्यातली कालिरोई हार हवा म्हणून नवऱ्याला मरणाच्या दारात धाडते. आपल्या घरात निघाली ती हार नको असलेली. आणि तरी कुणीतरी गेलंच.

"पिरेउसला पत्र टाकू," ती म्हणाली. "तिला आणू. पाया पडू. मग बघू."

पण पत्र टाकायला पत्ता हवा होता. पत्ता एकाच घरात होता.

५

सोफिलाचं घर म्हणजे एक खोली, गावाच्या खालच्या टोकाला. दार उघडंच होतं, जसं कुणी वाट बघत बसावं.

"ये, ताई. गाठ दिसली का?"

रिगोपुला उंबऱ्यातच थबकली. "तुला माहीत होतं?"

"माझ्या लेकीला माहीत होतं. मढ्याची मान उचलून उशीवर ठेवताना तिच्या हाताला जड लागलं. उशी तिनं शिवलेली, तिला आपली शिवण कळत नाही? कोपऱ्यात गाठ. खोलीत कोण बसलं होतं तेही ठाऊक. बोटीच्या धक्क्यावर मला म्हणाली, 'आई, कालिरोई घाबरून गेलीय, तिला त्या सोन्याच्या दातवाल्यानं नेलं असतं. तो जाईपर्यंत गप्प राहू.' वेडी पोर."

"मग तो गेल्यावर का नाही बोललीस? पाच वर्षं, सोफिला!"

"कुणाशी बोलू? तुझ्याशी?" सोफिला उठली. जन्मात पहिल्यांदा तिनं आवाज चढवला. "मी म्हटलं असतं, थोरलीच्या थोरलीनं चोरलंय, थडगं उघड. उघडलं असतंस? धाकटीच्या शब्दावर? तू मला जिभेनं सोलली असतीस आणि गाव हसलं असतं. म्हणून वाट पाहिली. हाडं खोटं बोलत नाहीत. आईच्या हाडांना माझी साक्ष द्यायला लावली."

म्हणून ही सुरई घेऊन आली होती. म्हणून 'उघड, सगळ्यांसमोर'.

रिगोपुलानं ओच्यातून हार काढला. "हा तिला दे. थोरलीचा असो नाहीतर कुणाचा. तिला बोलाव. मी धक्क्यावर येईन, गावासमोर तिच्या पाया पडेन. पत्ता सांग."

सोफिलानं हाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पापांनी सकाळी काय वाचलं, ताई?"

"काय वाचलं? नावं. आई, बाबा, आणि परत..."

ती मनात नावं मोजू लागली.

"कालिरोई, योर्गिस, कालिरोई," सोफिला म्हणाली. "सहा वेळा वाचलंय देवळात. वर्षातून दोनदा, मृतांच्या शनिवारी. आपल्या घरात ते नाव इतक्यांदा घेतात की कुणी मोजतच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिची छाती भरली. तिथल्या मालकिणीनं दवाखान्यात टाकलं. मी महिनाभर गावात नव्हते, तेव्हा तू म्हणालीस, 'कुठं उंडारायला गेली?' लेकीला पुरायला गेले होते. परत आले, तर कुणी विचारलं नाही. अंगावर आधीच काळं होतं. काळ्यावर काळं दिसतं का कुणाला?"

"गावातलं तिथं कुणी..."

"पिरेउसला आपली माणसं शंभर आहेत. चोर ठरलेल्या पोरीच्या दारात कोण जातं?" सोफिलानं चुलीवरचं भांडं उगाच सरकवलं. "पुढच्या वर्षानंतर तिचंही थडगं उघडतील. तुझ्या हाराला सांग तिथवर चालत जा म्हणावं."

६

शनिवारी रिगोपुलानं लेकीला समोर बसवलं. "उद्या देवळात बोलायचंय. लग्न मोडेल."

कालिरोई सोफिलाच्या पोरीचं ऐकून दोन दिवस जेवली नव्हती. "मोडू दे. मी बोलते. तू नको."

"तू गप्प राहिलीस, ते तू बोल. केसांना धरून मी ओढली, ते मी बोलेन. ज्याचं त्यानं."

आणि तिनं परातभर गहू काढले. मेलेल्यासाठी देवळात कोलिवा न्यायचा, म्हणजे गहू उकडून, वर साखर आणि बदामांनी नाव काढून. सगळं तिनं एकटीनं केलं. कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी देवळाच्या अंगणात गाव जमलं. आत रिगोपुलानं वाहिलेला हार पानागियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीला लटकत होता. मास्तरची आई तो बघून बाहेर आली ती आधीच लाल. रिगोपुला परात घेऊन पायरीवर चढली, जिथं पाच वर्षांपूर्वी ती ओरडली होती, त्याच पायरीवर. आवाज तितकाच मोठा ठेवला.

"चोरी झालीच नव्हती. सोफिलाची कालिरोई चोर नव्हती. चोर मी म्हटलं. तिला मी घालवलं, आणि ती तिथं मेली. हा कोलिवा तिचा आहे."

मग तिची लेक पुढं झाली आणि उरलेलं बोलली, खाली न बघता. मास्तरच्या आईनं टोपली उचलली आणि चालू लागली. मास्तरनं कालिरोईकडे पाहिलं, आपल्या जोड्यांकडे पाहिलं, आणि तो आईच्या मागून गेला. मिनासची कालिरोई येऊन उरलेल्या कालिरोईशेजारी उभी राहिली.

आता एकेकानं मूठभर कोलिवा घ्यायचा आणि 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं. पण कुणी हात पुढं करेना. सगळे सोफिलाकडे बघत होते.

सोफिला आली. परातीतली बदामांची वेडीवाकडी अक्षरं बघत राहिली, थोरलीच्या हातची. मूठभर गहू घेतला, तोंडात टाकला. चावली. परत चावली.

"गहू कच्चा राहिलाय, ताई," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं या घरचा कोलिवा सोफिलानं शिजवला होता, किती वेळ भिजवायचा, किती उकडायचा, तिनं कधी विचारलंही नव्हतं.

"देव तिला क्षमा करो," सोफिला म्हणाली. कुणाला ते तिनं सांगितलं नाही. तशीच ते टणक दाणे चावत बाजूला उभी राहिली.

रिगोपुलानंही मूठभर तोंडात घातला. दाढांखाली करकर वाजलं. आतून पापांनी कागद उघडला आणि वाचलं, "कालिरोई, योर्गिस, कालिरोई."

या वेळी कुणी हसलं नाही. रिगोपुला चावत राहिली.